सुरगाठ, निरगाठ

डंडीच्या चढावर टपाल वाटताना
बुटाची नाडी जिथे बसते, नेमकी तिथे
आधी मूग, मग हरभरा.
एक भोक सोडून नाडी ओवू लागलो,
घरी बोललो नाही.

डॉक्टर मकअल्पाइन विचारतात,
द्राक्षाएवढी? वाटाण्याएवढी?
दुखणंही जो तो आपल्या फडताळातून मोजतो.
दुखते? नाही. म्हणजे उतारावर,
एकोणतीस नंबरपाशी, जिथे कुत्रं पळवतं.

आमच्यात भेटीलाही गाठ म्हणतात,
हे सांगणार होतो,
पण त्या अंगठ्याने चाचपत होत्या
सरकते का, की मुळाला धरून आहे;
पार्सलची सुतळी मी चाचपतो तसंच:
सुरगाठ, की निरगाठ?

पडदा ओढला. दिवा मालवला.
टॉर्च गाठीला टेकवली.
"उजेड आरपार आला तर नुसतं पाणी.
नाही आला, तर स्कॅन, सुई, बघू."

वाकून पाहिलं.
अर्धी पेटली, करवंद फोडल्यावर असते तशी लाल.
अर्धी नाही.

"हं," म्हणाल्या डॉक्टर,
आणि लिहीत राहिल्या.

बाहेर टे नदीवरचा वारा.
पायरीवर बसून नाडी बांधली,
एका ओढीत सुटेल अशी.