भिंत सरकवली तर

कन्ना चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे
पंचवीस रुपयांत 'हमखास वीस' मिळतात.
सिद्ध करा. टिपा लिहा. व्याख्या द्या.
आठ वर्षांचे पेपर एकमेकांची कॉपी करत बसलेले,
बदलते ती तारीख,
एका वर्षी तीसुद्धा बदलायची राहून गेलेली.
मी वीसच्या वीस पाठ केले
आणि डोक्यात काही हलेना,
मे महिन्यात दुपारी दोनला रस्ता हलत नाही तसं.

मला हवी होती अशी गणितं
जी पहिल्याच ओळीत फसवतील.

मॅडम म्हणाल्या, "पद्मजा, ते पेपरला नसतं गं."
लायब्ररीत एक जाड पुस्तक होतं.
धड्याच्या शेवटची पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलेली.
राग आला; मग वाटलं,
चला, आपल्यासारखं कुणीतरी होतं.

विजापूर वेशीजवळ रद्दीवाल्याकडं
किलोनं विकायच्या वह्या चाळल्या:
एक लग्नाच्या हिशेबाची,
एक नुसती सही गिरवलेली, शंभर पानी.

शेवटी हिरेमठ सर.
साखर पेठ, जिन्यावर शेंगा वाळत घातलेल्या.
आधी विचारलं, "पाणी कधी आलं तुमच्याकडं?"
"परवा."
"आमच्याकडं पाच दिस झाले."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर
शिसपेन्सिलीनं दोन उभ्या रेघा.
"ही पेटी. आत एक कण, सगळ्यात खालच्या पातळीवर.
आता ही भिंत एकदम सरकवली. दुप्पट रुंद.
कणाला कळायच्या आत.
सांग, आधीइतकीच ऊर्जा सापडायची शक्यता किती?"
उत्तर काही दिलं नाही.
"उत्तर पाठ करणारे लई बघितले," म्हणाले,
आणि बशीत चहा ओतला.

घरी अम्मा सुपातली पानं कापत होती.
गेल्या दिवाळीत नान्नानं माग विकला,
मधला पत्रा काढला,
एका दुपारीत घर दुप्पट झालं.
त्या रात्री आम्ही चौघं
जुन्याच अर्ध्यात झोपलो, पाय दुमडून.
पलीकडं फरशीवर तेलाचा डाग
आणि आवाज नसल्याचा आवाज.

म्हणून पहिली ओळ मला लगेच आली:
त्या क्षणी तरंग तसाच्या तसा,
जुन्या अर्ध्यात सगळा, नव्यात शून्य.

पुढं मात्र फसले.
पहिल्या दोन शक्यता मिळूनच एकाच्या वर.
दोन रात्री शोधलं.
नव्या पेटीला जुन्याच पेटीचं माप लावलं होतं.
ते सुधारलं, तर सूत्र सगळ्या पातळ्यांना चाललं,
फक्त दोनला नाही.
दोन ठेवला की छेदात शून्य,
आणि हवं होतं नेमकं तेच.
ते एकटं वेगळं सोडवलं,
अम्माच्या विड्यांचा पाचवा कट्टा बांधून होईपर्यंत.

नान्ना दुसऱ्याच्या मागावरून पहाटे आला,
केसांत पांढरा कापूस.
"अजून जागी? किती आलं?"
"निम्मं."
"कशाचं निम्मं?"
सांगितलं. पेटी, भिंत, सगळं.
त्यानं ऐकलं, हात धुतले,
"आणि बाकीचं निम्मं कुठं जातंय?"
"वरखाली विखुरतं."
"हं," म्हणाला,
आणि चादर ओढत
आपल्या जुन्या कोपऱ्यात जाऊन पडला.

गुरुवारी पेपर.
मंगळवारी सरांकडं गेले.
त्यांनी माझं उत्तर बघितलंच नाही,
खोडलेल्या ओळी बघितल्या, बोट ठेवत ठेवत.
मग म्हणाले, "आता भिंत हळू सरकव.
अगदी हळू. वर्षानुवर्षं लागावीत इतकी."

पत्रिकेच्या पाठीवर जागा उरली नव्हती.
मी ती उलटी केली.
वधूवरांच्या नावांखाली
थोडी होती.