निकाली

लेटरकेनीच्या कोर्टात आज पाच मिनिटांत
अट्रॅक्टा बॉयलचा दावा निकाली निघाला.
निकाल काही लागला नाही.

विलंब अक्षम्य आहे, न्यायमूर्ती म्हणाले,
आणि चष्मा पुसत राहिले.
मासळीचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली,
यंत्र भंगारात गेलं,
फोरमन गॅलाहर किलीबेग्जच्या दफनभूमीत.
इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवणार?

मागच्या बाकावरून ती हळूच म्हणाली,
"मंगळवार होता. बांगडे होते.
पट्टा त्याआधी दोनदा अडकला होता."
कुणी लिहून घेतलं नाही.
मीही नाही. मी कारकून, माझं काम शिक्क्याचं.

तिचा वकील दर नाताळला कार्ड पाठवायचा:
नव्या वर्षात नक्की पुढे सरकवू.
सगळी कार्डं तिने बिस्किटांच्या डब्यात आणली होती.
सतरा.
बर्फ, घंटा, लाल छातीचा रॉबिन,
एकावर तर चमकी अजून शाबूत.
पुरावा म्हणून त्यांतलं काहीच चालत नाही.

किती वर्षं भिजत पडलेलं हे घोंगडं
कुणी पिळून दोरीवर टाकलं नाही,
उचलून दाराबाहेर ठेवलं, एवढंच.
ठेवणारा हात माझा होता.

आदेशाची प्रत दिली. सही कुठे करू, तिने विचारलं.
मी बोट ठेवलं त्या रेघेवर
तिने डाव्या हाताने सही केली,
सावकाश, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी वळणदार.
मी बघतोय हे तिला कळलं.
"वीस वर्षं गिरवतेय," ती म्हणाली,
"आता जमते."