फिट

टीव्हीवर चौघे भांडताहेत,
राष्ट्राध्यक्ष पदाला लायक आहे की नाही.
एक म्हणतो, सीमा याच्यामुळे शाबूत.
दुसरी म्हणते, आकडे दाखवा.

माझगावात, तिसऱ्या मजल्यावर,
बाबलकाका घोगळे, नेव्हल डॉकयार्डचे जुने फिटर,
आवाज बंद करतात.

"पाणबुडीचा व्हॉल्व्ह
आम्ही कधी त्यालाच विचारून पास केला नाही.
पाणी भरायचं. दाब चढवायचा.
मग गप्प बसून बघायचं.
एक थेंब सुटला की लाल चिठ्ठी,
कितीही चकचकीत असो मेला."

काकू लसूण सोलता सोलता विचारते,
"आणि हिरव्या चिठ्ठीवर सही कोणाची?"

काका रिमोट उलटा करून बघतात.

"एकदा," म्हणतात,
"न तपासताच केली होती.
युद्धाचे दिवस. सगळेच घाईत."

पडद्यावर चौघांची तोंडं
नुसती हलताहेत.