दोन दक्षिणा

बोहरी आळीच्या मागं, हातिमभाईंच्या गच्चीवर
मे महिन्यात पृथ्व्या वाळत असायच्या,
अर्ध्या अर्ध्या, पालथ्या.
कावळा बसू नये म्हणून
आम्ही पाळीपाळीनं राखण करायचो.

उत्तरेच्या अर्ध्याला वेळ लागे.
नावांची दाटी तिथं, देशाला देश खेटलेला,
खळ जरा जास्त झाली की रशिया सुरकुते.
दक्षिण सोपी. निळं, निळं, मग शेपटाएवढी जमीन,
मग परत निळं.
नव्या पोरींना आधी दक्षिणच देत.

मग जोड. विषुववृत्तावर तांबडी पट्टी.
तिरकी गेली तर केनियातली माणसं
झोपेतल्या झोपेत या अंगाची त्या अंगाला.
पूर्व-पश्चिमेला मात्र जोड नसे.
मी विचारलं होतं. हातिमभाई म्हणाले,
ती रेघ नुसती छापलेली, बाई.
रेशनच्या रांगेत चप्पल ठेवून नंबर धरतात ना,
तशी कुणीतरी लंडनजवळ चप्पल ठेवली.
जगानं ती उचलली नाही.

पुणं छापलेलं नसायचं.
एवढ्याशा गोळ्यावर मुंबईच कशीबशी मावे.
मी बॉलपेननं ठिपका द्यायची,
मुंबईच्या पायाशी, प्रत्येक उत्तरेला एक.
कुणाला कळलं नाही. किंवा कळलं, आणि बोललं नाही कुणी.

धाकट्याला ताप होता त्या दिवशी
मी दक्षिणेवर दक्षिण बसवली.
पट्टी मारली, पुसली, फळीवर ठेवली.
संध्याकाळी एक मास्तर गोळा फिरवून फिरवून दमले:
अहो, यात भारत कुठंय?
दोन्ही टोकांना बर्फ, मधे पाणीच पाणी.
दोन दक्षिणा एकदम. भटजीलाही मिळत नाहीत.
पगारातून कापा म्हटलं. कापले नाहीत.
गोळा गल्ल्यावर टांगला,
आणि उरलेल्या दोन उत्तरा
घरी ने म्हणाले, पोराला खेळायला.

गुलटेकडीला, पत्र्याखाली, मी त्या जोडल्या.
दोन पुणी. दोन ठिपके, माझ्याच हातचे,
पट्टीच्या अल्याड एक, पल्याड एक.
आई, आपण कुठल्यात? सुधन विचारायचा.
वरच्यात, म्हणायची मी.
तो गोळा उलटा करायचा आणि परत विचारायचा.

आता गोळे प्लॅस्टिकचे येतात, जोडूनच.
मी मात्र मेच्या तेरा-चौदाला, दुपारी साडेबाराला
चाळीच्या मोकळ्यात जाऊन उभी राहते.
सावली पायाखाली जाते, सगळीच्या सगळी.
दुसऱ्या दिवसापासून ती दक्षिणेला पडते,
आधी नखाएवढी, मग बोटभर,
जुलै सरेपर्यंत.
पल्याडच्या ठिपक्यातली कुणी बाई
तेवढे दिवस माझ्या जागी उभी असते म्हणावं,
तर जूनमध्ये ढग येतात,
आणि कोण उभं आहे
ते नीट दिसत नाही.