काटा

सावद्याला, केळीच्या वखारीला टेकून
सुपडूचं टपरीएवढं दुकान.
पारडी, साखळ्या, दांड्या, गंजलेली मापं.
लोकांचे तराजू दुरुस्त करतो.
सही येत नाही, अंगठा लावतो.

मी गुरुजी. बावीस चातुर्मास
मारुतीच्या पारावर पोथी सांगितली.
डोळे कुठे मिटायचे, आवाज कुठे उतरवायचा,
सगळं बसवलेलं.
लोक ऐकायचे, माना हलवायचे, प्रसाद घ्यायचे,
आणि घरचं भांडण घेऊन
सुपडूकडे जायचे.

तोताराम आणि डिगंबर, सख्खे भाऊ,
बांधावरच्या निंबापायी कुऱ्हाडीपर्यंत आलेले.
आधी माझ्याकडे आले. मी त्यांना
बंधुप्रेमावर पाऊण तास सांगितलं.
सुपडू नुसता जाऊन निंबाखाली बसला.
वैशाख. भट्टी फुंकल्यासारखा वारा.
सकाळी सावली तोतारामच्या रानात होती, तो तिथे बसला.
दिवस कलला, सावली बांध ओलांडून गेली,
तसा तोही टॉवेल झटकून पलीकडे सरकला.
हे दोघे बघायला आले. उन्हात उभे राहिले. मग टेकले.
दिवस बुडताना तिघे एकाच बाजूला होते.
कोणी काही बोललं नाही म्हणे.

निंब अजून आहे.
मी त्या वाटेनं जात नाही.

त्या रात्री मी देवाशी भांडलो.
पहाटे चारला गार पाण्याची अंघोळ माझी,
एकादशा माझ्या, घसा माझा फाटलेला,
आणि तू उतरतोस
ते त्याच्या ग्रीस लागलेल्या बोटांत?
तुझं टपाल चुकीच्या घरी पडतंय, म्हटलं.
पत्ता नीट बघ.
आतून बायको म्हणाली,
"एवढ्या रात्री कोणाशी बोलू राह्यले?"

मग मी अर्ज लिहिला.
वैधमापन निरीक्षक, जळगाव, यांस.
सदर इसमाची मापं खोटी आहेत.
खाली नाव घातलं नाही.
वेलांट्या मात्र सवयीनं नीट आल्या.

साहेब आले, मापं गोणीत भरून घेऊन गेले.
नऊ दिवस दुकानाला कुलूप.
नऊ दिवस मला गाढ झोप लागली.
हेही सांगितलं पाहिजे.

दहाव्या दिवशी तो माझ्या ओट्यावर.
हातात तपकिरी पाकीट.
"गुरुजी, एवढं वाचून सांगा.
मले कुठं वाचता येतं."

पहिला कागद साहेबांचा.
मापं तपासली, तफावत नाही.
मागे टाचणीला लावलेली
माझ्या अर्जाची नक्कल.

मी वाचत गेलो. माझ्या अक्षरातलं माझं विष,
माझ्याच खर्जात, पोथीच्या लयीत.
एक ओळ गाळली.
तो मान वाकडी करून ऐकत होता,
तराजूची दांडी कानाशी धरून ऐकतो तशी.
ओळ गाळली तिथे
त्याची पापणी हलली, किंवा मला तसं वाटलं.

कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला.
"ज्यानं लिहिलं," म्हणाला,
"त्याचं अक्षर चांगलं असेल. तुम्ही कुठं अडखळले नाही."
मग उठता उठता, चपला शोधत,
जणू कुण्या गिऱ्हाइकाला सांगतोय:
"नव्या काट्याले वेळ लागतो, गुरुजी.
खाली-वर होऊ द्यायचं त्याले.
हात लावला की गेलं."

चहा न घेता गेला.
त्याला कळलं होतं की नव्हतं,
हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

यंदाही पारावर पोथी आहे.
यंदाही ती संपली की
चार माणसं वखारीच्या दिशेनं वळतात,
आणि माझ्या छातीत एक पारडं
धाडकन खाली जातं.

मी पोथी बासनात बांधतो.
समई शांत करतो.
आणि त्याला
हात लावत नाही.