हातचा

सोमवार, सकाळचे साडेसात.
आगेदा नदी अजून धुक्याखाली,
आणि माझ्या पडद्यावर सहाशे वीस सायकली
चाकं, हँडल, रंग सगळं अंगावर लेवून
एका चेनसाठी थांबलेल्या.
लग्नाला निघालेलं माणूस चपलेसाठी अडावं तशा.

चेन समुद्रात आहे.
कुठल्या समुद्रात, ते विचारू नका.
मंगळवारी जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी होतं,
बुधवारी त्यानं तोंड फिरवलं,
आता अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून येतंय.
'येण्याची तारीख' हा रकाना मी पेन्सिलीनं भरते.
म्हणजे करड्या रंगात. पडद्यावर पेन्सिल चालत नाही.

तावारिशसाहेबांना वाटतं, नियोजन म्हणजे भविष्य.
लिस्बनच्या सातव्या मजल्यावरून ते शेळ्या हाकतात,
उंटाची उंची दर तिमाहीला वाढते.
'आकडा दे, देओलिंदा. एकच.'
मी तीन देते:
बरं झालं तर, बेताचं झालं तर,
आणि जेवताना ज्याबद्दल बोलू नये ते.
ते मधला उचलतात. नेहमी मधला.
मी या खुर्चीत बसल्यापासून
मधल्या आकड्यासारखं एकही वर्ष आलेलं नाही.

ते वर्ष तर मुळीच नाही,
जग घरात कोंडलं होतं आणि त्याला अचानक सायकल हवी झाली.
दुकानदारानं दहाच्या जागी वीस मागितल्या,
घाऊकवाल्यानं विसाच्या चाळीस केल्या,
मी चाळिसांसाठी सीटा मागवल्या ऐंशी,
आणि ताइचुंगमध्ये श्यू-मेइनं
एकशे साठांसाठी नवी शेड बांधली, कर्ज काढून.
कुठल्याशा गल्लीत एका मुलाला एक सायकल हवी होती.
एवढंच.
तुरी बाजारातच होत्या,
आम्ही चौघं आधणं ठेवून बसलो.

सीटा आल्या तेव्हा जग पुन्हा मोटारीत बसलं होतं.
चौदा हजार, मुलांच्या मापाच्या,
अजून तिसऱ्या गोदामात प्लास्टिकमध्ये आहेत.
ती मुलं आता मोठी झाली असतील.
उरलेली ऑर्डर मी रद्द केली तेव्हा श्यू-मेइनं लिहिलं,
'समजू शकते.'
शेडबद्दल काही नाही.
ते दोन शब्द कुठल्या रकान्यात टाकायचे
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आबिलिओ आमचा गोदामवाला. निवृत्तीला पाच महिने.
माझं कोष्टक दाखवलं की चष्मा विसरल्याचं सांगतो.
पण जुन्या गोदामाच्या भिंतीवर पुराच्या रेघा
त्यानंच आखल्यात: कोळशानं, खिळ्यानं,
एक लिपस्टिकनं (कुणाच्या, ते सांगत नाही).
सगळ्यात खालची फळी
सगळ्यात वरच्या रेघेच्या एक वीत वर.
'पूर कधी येणार, हे नदीला तरी ठाऊक असतं का?
मला फक्त फळी कुठे ठोकायची ते ठरवायचं असतं.'
वीतच का? विचारलं.
त्यानं भिंतीला पंजा लावून दाखवला.
'हात एवढाच आहे.'

त्या रात्री मी कोष्टक नव्यानं मांडलं.
शाळेत बेरजेला धरायचो तसा
ओळीओळीला हातचा ठेवला:
बेअरिंग तीन आठवड्यांची, चेन पाच,
घंटी काहीच नाही, घंटीवाचून माणूस ओरडू शकतो.
आणि पलीकडच्या गावातून थोड्या रिमा,
महाग पडतात तरी,
तोंडओळख राहावी म्हणून.
तावारिशसाहेब म्हणाले, हे पैसे झोपून आहेत.
म्हटलं, हो. ते झोपतात म्हणून मीही झोपते.

श्यू-मेइला लिहिलंय:
मोठ्यांच्या मापाच्या, महिन्याला सहाशे,
वर्षभर. वाढवणार नाही, घटवणारही नाही.
उत्तर आलेलं नाही.
तिथे दुपार कलली असेल, शेडमध्ये ऊन तिरपं.

खाली लाइनवर कुणीतरी
चेन नसलेली सायकल हातानं ढकलत नेतंय.
चाकातून टिकटिक येते आहे,
थांबत, पुन्हा,
धुक्यात ती दिसत नाही, ऐकू येते.