सेवापुस्तक

रुजू: नोव्हेंबर, एकोणीसशे बासष्ट.
नाव थिम्बल. दोराच्या फासात बसवतात ती लोखंडी कडी,
दोर झिजू नये म्हणून स्वतः झिजते.
शिंप्याच्या बोटातलं अंगुस्तान साधारण त्याच जातीचं.
लांबी पासष्ट फूट. माणसं सहा.
नेमणूक केनेबेक नदीवर, बाथपासून गार्डिनरपर्यंत.
बदली नाही.
बढतीचा रकानाच नाही.

गार्डिनरच्या ग्रंथालयाच्या तळघरात
मी या वह्या स्कॅन करते, ताशी सतरा डॉलर.
अण्णांचं सेवापुस्तक असंच होतं (पाटबंधारे खातं, सातारा),
असाच खाकी पुठ्ठा, असाच वास.

मला वाटायचं, बोट बर्फ कापत जात असेल,
फाळासारखी.
तसं नसतं. ती नाक उचलून बर्फावर चढते,
नुसती बसते,
आणि बर्फाला ते बसणं सोसत नाही.
मग मागे. मग पुन्हा.
दिवसाला चार मैल. रात्री उणे बावीस,
सकाळी वाट सांधलेली,
येरे माझ्या मागल्या.

इंजिनवाला एल्वुड थिबोडो, अक्षर मुंगीएवढं:
‘इंजिन खोकतंय. मीसुद्धा.’
‘पुलाखालचा बर्फाचा बांध फुटला. वॉटर स्ट्रीट कोरडा.’
बस, एवढंच. कोरडा.
न आलेला पूर लिहायला
त्याला एक शब्द पुरला.
त्याच रस्त्यावर मी काल छत्री विकत घेतली.

पुढे पत्रा पातळ झाला, ठिगळं लागली,
दोन हजार चारला लिलाव. विकत घेणाऱ्याचं नाव वाचता येत नाही.

पण दर फेब्रुवारीत एक नोंद येते:
‘व्हर्ना पिंकहॅम यांची मासे धरायची खोपटी
बर्फावर वाटेत. हलवीपर्यंत थांबलो.
चाळीस मिनिटं. त्यांनी स्मेल्ट दिले, दोन डझन.’
पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी
‘बाई भांडल्या. स्मेल्ट दिले.’
अशी चौदा वर्षं.

पंधराव्या वर्षी, अक्षर तेच, जरा थरथरतं:
‘खोपटी नाही.
थांबलो. चाळीस मिनिटं.
डिझेल: दोन गॅलन.’

समोर, लाल शाईत, कुणा साहेबाची सही.
मंजूर.